त्सुगश्पित्से: आईबाबा केबल कारने, मी पायी. एकाच दिवशी जमेल का?

रेवा:
ऑगस्टमध्ये आईबाबा माझ्याकडे जर्मनीला येतायत. त्सुगश्पित्सेचा, म्हणजे जर्मनीतल्या सर्वांत उंच शिखराचा बेत आहे, उंची 2962 मीटर. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ते दोघं पायथ्याच्या आइबझे तळ्यापासून केबल कारने जातील. मला मात्र राइनटाल दरीच्या वाटेने चालतच जायचंय. पहाटे निघाले तर दुपारी वर त्यांना गाठता येईल? आणि त्यांना उंचीचा त्रास होईल का?

डोंगरवेडा:
रेवा, एका दिवसाचा हट्ट धरू नकोस. पायथ्याच्या गार्मिश गावाहून वीसेक किलोमीटरची चाल आणि 2200 मीटरचा चढ आहे. वाट अवघड नाही, पण संपता संपत नाही. सुरुवातीला पार्टनाखची घळ लागते. कातळात कोरलेल्या बोगद्यांतून जाताना छतातलं गार पाणी थेट मानेवर पडतं, आणि खाली नदीचा असा घोष, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथे थांबच थोडी. राइनटालआंगर हटपर्यंत (हट म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) मजेत जाशील. खरा कस क्नोर हटच्या पुढे, पठारावरच्या घसाऱ्यात. दोन पावलं वर टाकली की एक खाली घसरतं. शेवटचा टप्पा लोखंडी तारा धरून चढायचा. मी पहाटे चारला निघून दुपारी दोनला तिथे पोचलो आणि आभाळ गडगडायला लागलं. तसाच मागे फिरलो, पठारावरच्या स्टेशनात तासभर बसलो आणि निवळल्यावर तिथल्या छोट्या केबल कारने माथा गाठला. आईबाबा वर वाट बघतायत म्हणून तू त्या तारांवर घाई करशील, याचीच मला धास्ती वाटते.

निशिगंध:
आईबाबांबद्दल सांगते. आइबझेची केबल कार दहाएक मिनिटांत 1945 मीटर वर नेते. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, आणि वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 70 टक्केच असतो. माझे सासरे उतरल्या उतरल्या शिखराच्या टोकावरच्या सोनेरी क्रॉसकडे झपझप निघाले. शिडीच्या मध्यावर त्यांना गरगरलं, तार घट्ट धरून तिथेच उभे राहिले. मी मागून त्यांचा एकेक पाय पायरीवर टेकवत खाली आणलं. बाकावर वीस मिनिटं बसल्यावर चेहऱ्यावर रंग आला. तेव्हा वर गेल्यावर आधी अर्धा तास नुसतं बसायचं, पाणी प्यायचं. क्रॉस गच्चीवरूनही छान दिसतो. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचाराच. आणि ऑगस्ट असला तरी कानटोप्या घ्या.

रेवा:
बाबांना बीपी आहे, उद्याच डॉक्टरांशी बोलायला सांगते. मी आदल्या दिवशी निघून राइनटालआंगरला मुक्काम करीन. ते दुसऱ्या दिवशी अकराला वर येतील आणि मी पोचेपर्यंत आत बसतील.

डोंगरवेडा:
हे उत्तम. हटचं बुकिंग आत्ताच कर, आणि स्लीपिंग बॅगचं पातळ अस्तर घरून ने, तिथे ते लागतंच. पठारावर पोचल्यावर ढग दिसले तर सरळ छोटी केबल कार पकड.