मदत हवी आहे : आजोबांच्या सैनिकी आयुष्याची नोंद कशी करावी?

सप्रेम नमस्कार. आमचे आजोबा गेल्या महिन्यात गेले. उमेदीची सारी वर्षे पायदळात काढलेला हा माणूस नातवंडांच्या बुटांच्या नाड्या बांधताना जितका काटेकोर असे, तितकाच स्वतःच्या पदकांविषयी बेफिकीर होता; ती आम्हाला शिवणाच्या डब्यात, सुट्या बटणांमध्ये सापडली. त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका घरच्यांपुरती करण्याचा विचार आहे.

एका पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक आजोबांच्या सेवापुस्तिकेशी जुळतो, दुसऱ्यावरचा मात्र वेगळा आहे. अधिकारीपद मिळाल्यावर क्रमांक बदलतो, तसे हे असेल, की ते पदक एखाद्या सोबत्याचे असावे? घासल्याने कोरीव अक्षरे झिजतात, म्हणून काळवंडलेली पदके मी पॉलिश केलेली नाहीत. छायाचित्रे जुन्या चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत. ती आधी पानासकट 600 डीपीआयवर स्कॅन करून घेतली, पण काही इतकी घट्ट बसली आहेत की ओढण्याचा धीर होत नाही. ती सोडवण्याचा अनुभव कोणाला आहे का?

खरी घालमेल पत्रांची आहे. त्यांनी आजीला तळावरून लिहिलेल्या पेन्सिलीतल्या पत्रांत लढाईचा शब्द नाही, बाळाला दात आले का याची चौकशी मात्र प्रत्येकात आहे. आजीही आता नाही. अशी खासगी पत्रे पूर्ण छापावीत, की मोजके उतारे घ्यावेत? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.