सेल्टिक्सनी विजेता संघ मोडला. दोष नियमाचा की मालकांचा?

पहाटेचा_प्रेक्षक

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, २०२५-२६ चा हंगाम दोन आठवड्यांवर आलाय, पण बॉस्टन सेल्टिक्सच्या या उन्हाळ्याचा राग माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा धागा.

१३ मे २०२५, पुणे. पहाटे पाचला प्लेऑफमधला न्यूयॉर्क निक्सविरुद्धचा चौथा सामना लावून बसलो होतो. शेवटची तीनेक मिनिटं उरली होती आणि आपला सगळ्यात मोठा खेळाडू टेटम, त्याचे ४२ गुण झाले होते. सुटलेल्या चेंडूकडे तो झेपावला आणि कुणाचा धक्का न लागता खाली कोसळला. पाय धरून जमिनीवर तोंड दाबलेला तो माणूस दिसला तेव्हाच कळलं, हे साधं मुरगळणं नाही. तिकडे गॅसवर चहा उतू गेला आणि मी उठलो नाही. उजव्या पायाचा अकिलीस, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, तुटला होता.

दुखापत कुणाच्या हातात नसते. पुढे जे झालं ते मात्र हातात होतं. जून उजाडला आणि एकेक खेळाडू निघाला: होलीडे पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला. कॉर्नेट सॅन अँटोनिओला गेला आणि आता होर्फर्डही गोल्डन स्टेटमध्ये. २०२४ मध्ये अठरावं अजिंक्यपद आणणारा आणि गेल्या हंगामातही ६१ सामने जिंकलेला संघ हा! समोरच्या कोणी तो मोडला नाही, सेकंड एप्रन नावाच्या पगाराच्या मर्यादेने मोडला.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: २०२५-२६ साठी सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, सुमारे १५.४६ कोटी डॉलर आहे. आपले जुने खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येते. १८.७९ कोटींच्या वर लक्झरी टॅक्स लागतो, तो मालकाने भरावा, आपलं काही म्हणणं नाही. पण २०.७८ कोटींच्या वर, म्हणजे सेकंड एप्रनच्या पलीकडे, पैसे भरूनही सुटका नाही. ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीत, दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. मिड-लेव्हलचा करार, म्हणजे कॅपच्या वर असूनही बाहेरचा खेळाडू घेण्याची सवलत, देता येत नाही. ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) गोठतो, ट्रेडमध्ये देता येत नाही; बॉस्टनचा २०३२ चा गोठलाच आहे. आणि पुन्हापुन्हा तिथेच राहिलात तर तो पिक फेरीच्या तळाला.

संघाचे दोन मुख्य खेळाडू, टेटम आणि ब्राउन, दोघेही बॉस्टननेच ड्राफ्ट केलेले. व्हाइट आणि होलीडे रीतसर ट्रेड करून आणले. कोणाचं काही लुबाडलं नाही. चांगली माणसं शोधली, घडवली, जिंकले, आणि त्याबद्दल शिक्षा? माझं म्हणणं सरळ आहे: हा नियम चुकीचा आहे आणि मालकांनी त्याच्यापुढे फार लवकर मान तुकवली.

हिशोबनीस

साफ असहमत.

बेरीज करू. टेटमचा २०२५-२६ चा पगार ५.४१ कोटी, ब्राउनचा ५.३१. दोघे मिळून १०.७ कोटी, म्हणजे कॅपच्या ६९ टक्के दोन माणसांत. हे करार बॉस्टनने डोळे उघडे ठेवून केले, ब्राउनचा जुलै २०२३ मध्ये, टेटमचा २०२४ मध्ये. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतला नवा करारनामा, ज्यात हा नियम आहे, १ जुलै २०२३ पासून लागू आहे. नियम अंधारातून आला नाही.

आणि टॅक्स म्हणजे किरकोळ दंड समजू नका. बॉस्टनने सलग तीन हंगाम टॅक्स भरलाय, म्हणून यंदा ‘रिपीटर’ दर. पहिल्या टप्प्यालाच दर डॉलरमागे तीन डॉलर, वरच्या टप्प्यांत पाच-सहाच्याही वर. होता तोच संघ ठेवला असता तर पगार आणि टॅक्स मिळून ५० कोटी डॉलरच्या घरात जाणार होतं. तेही कोणत्या वर्षी? ज्या वर्षी तुमचा सगळ्यात मोठा खेळाडू कुबड्या घेऊन बसणार आहे त्या वर्षी. टेटमशिवाय हा संघ अंतिम फेरीत जाईल असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?

होलीडेचं काय? उरलेली तीन वर्षं, १०.४ कोटी. शेवटच्या वर्षी तो ३७ वर्षांचा असेल आणि पगार ३.७ कोटी. त्याच्या बदल्यात सायमन्स आला, करार याच हंगामात संपणारा. संघ बांधण्याची जबाबदारी असलेल्या ब्रॅड स्टीव्हन्सने जे केलं ते कोणताही जाणता माणूस करेल.

वूस्टरकर

हिशोबनीस, आकडे बरोबर आहेत तुमचे. पण मी इथे बॉस्टनजवळ वूस्टरला राहतो, मला दुसरीही बाजू दिसते.

२०२४ च्या जूनमध्ये अजिंक्यपदाच्या मिरवणुकीला मुलीला खांद्यावर घेऊन उभा होतो. तिच्या अंगात होर्फर्डचा ४२ नंबरचा जर्सी, घोट्यापर्यंत येणारा. त्या माणसाला पहिलं अजिंक्यपद मिळायला सतरा हंगाम लागले. २०१९ मध्ये तो बॉस्टन सोडून गेला होता, २०२१ मध्ये परत आला, आणि ३९ व्या वर्षी पुन्हा गेला. मुलीने विचारलं, “बाबा, त्याला काढलं का?” मी म्हटलं, नाही, तो स्वतः गेला. पण हे पूर्ण उत्तर नव्हतं. शेजारची अर्धी खोली रिकामी होतेय हे दिसल्यावर चाळिशीला टेकलेला माणूस जिंकण्याची संधी असेल तिकडे जाणारच.

होलीडेचंही तेच. २०२४ मध्ये इंडियानाविरुद्ध तिसऱ्या सामन्यात तो आजारी होता, खेळेल की नाही याची खात्री नव्हती. बॉस्टन अठरा गुणांनी मागे पडून पुढे आलेलं. शेवटच्या सेकंदांत इंडियानाचा नेमहार्ड चेंडू घेऊन आत घुसला आणि होलीडेने तो त्याच्या हातातून काढून घेतला. अशी गोष्ट पगाराच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहाल?

मधली_फळी

धागाकर्त्याच्या मुद्द्यावर थोडं. एप्रन नसता तर काय होतं ते आपण पाहिलंय. २०२१-२२ मध्ये गोल्डन स्टेटने नुसता टॅक्सच १७ कोटी डॉलर भरला आणि जिंकले. मेम्फिस किंवा इंडियानाचा मालक एवढे पैसे कुठून आणणार? २०१९ ते २०२५ या सात हंगामांत सात वेगवेगळे विजेते झालेत: टोरंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बॉस्टन, ओक्लाहोमा. लहान शहरातल्या पोराला यंदा आपलाही नंबर लागेल असं वाटतं, ते या नियमामुळे.

पहाटेचा_प्रेक्षक

मधली_फळी, तुमच्याच यादीत घोळ आहे. टोरंटो २०१९, लेकर्स २०२०, मिलवॉकी २०२१, गोल्डन स्टेट २०२२, डेन्व्हर २०२३. हे पाचही एप्रनच्या आधीचे! म्हणजे वेगवेगळे विजेते नियमाशिवायच होत होते. मग हा नियम कोणता आजार बरा करायला आणला?

मधली_फळी

हे मान्य, सात विजेत्यांचा दाखला मागे घेतो. टॅक्सच्या पैशांबद्दल बोललो ते मात्र कायम.

कोर्टाबाहेरून

मालकांचा विषय कुणी नीट काढलाच नाही. आधीचे मालक ग्राउसबेक मंडळींनी २००२ मध्ये हा संघ ३६ कोटी डॉलरला घेतला. २०२५ मध्ये विक्री ठरली ती ६१० कोटींना. शिवाय २०२५-२६ च्या हंगामापासून लीगचा टीव्हीचा अकरा वर्षांचा नवा करार, ७,६०० कोटींच्या आसपास. असा धंदा करणाऱ्याला एक वर्ष टॅक्स परवडत नाही, हे मला पटत नाही. नियम वाईट आहे, पण तो मालकांनीच वाटाघाटीत मागून घेतलाय. स्वतःच्या हाताला स्वतःच दोरी बांधायची आणि मग चाहत्यांना सांगायचं की हात बांधलेले आहेत.

हिशोबनीस

कोर्टाबाहेरून, संघाची किंमत वाढणं आणि हातात रोकड असणं या वेगळ्या गोष्टी. घराचा भाव दहापट झाला म्हणून महिन्याचा किराणा दहापट भरत नाही आपण. आणि खेळाडूंच्या संघटनेनेही त्या करारावर सही केलीय. लीगच्या उत्पन्नातला साधारण अर्धा वाटा खेळाडूंना ठरलेला आहे. बॉस्टनने कमी दिले म्हणून खेळाडूंचे एकूण पैसे कमी होत नाहीत, फक्त वेगळ्या शहरात जातात. कॉर्नेटला सॅन अँटोनिओत चार वर्षांचे ४.१ कोटी मिळाले. त्याच्यासाठी ही वाईट बातमी आहे का?

वूस्टरकर, तुमच्या मुलीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. पण २०२६-२७ मध्ये टेटम धावू लागला की त्याच्याभोवती संघ बांधायला मोकळा हात लागणार. आज गोठलेले पिक आणि तिप्पट टॅक्स घेऊन बसलो तर तेव्हा काय करणार? आपल्याच प्रिचर्डसारखा माणूस चार वर्षांच्या मिळून तीन कोटींत खेळतोय, २६ व्या क्रमांकावर ड्राफ्ट झालेला. असे आणखी दोन सापडले पाहिजेत, आणि ते पिकमधूनच सापडतात.

पहाटेचा_प्रेक्षक

होलीडेच्या कराराबद्दल तुमचं पटलं. शेवटच्या वर्षाचे ३.७ कोटी मी मनात धरलेच नव्हते. पोर्झिंगिसही प्लेऑफमध्ये आजारपणामुळे असून नसल्यासारखाच होता, तोही मुद्दा सोडतो.

कॉर्नेट आणि होर्फर्डवर मात्र मी अडून आहे. या दोघांचे पगार मिळून टेटमच्या पगाराच्या जवळपासही जात नाहीत. बास्केटखाली आता उरलंय कोण? केटा, आणि नवीन आलेले गार्झा, बुशे. टेटम परत येईल तेव्हा त्याच्या पाठीशी उभा राहणारा अनुभवी उंच माणूस पुन्हा बाजारातूनच आणावा लागेल, आणि तेव्हा तो आजच्या भावात मिळणार नाही. मोकळा हात म्हणताय तो तिथेच खर्च होणार.

वूस्टरकर

केटाला कमी लेखू नका. मिनिटं मिळाली तर तो रिबाउंडवर कोणालाही भारी पडेल. बाकी तुमच्याशी सहमत. मुलीचा ४२ नंबर आता तिला गुडघ्यापर्यंत येतो, आणि पहिल्या सामन्यालाही तोच घालणार म्हणते.