विषय: फिन दगडावर आपटला. दुरुस्त करू की नवा घेऊ?

आम्स्टेलवेन, रविवार रात्री

नमस्कार मंडळी,

इथे नेदरलँड्समधल्या आपल्या गणपतीच्या तयारीच्या मेल्समध्ये हे मध्येच आणतेय, पण आपल्यात विंडसर्फिंग करणारे चार-पाच जण आहेत म्हणून विचारते.

काल मुइडरबर्गला किनाऱ्याकडे येताना बोर्डावरून उतरायला उशीर झाला आणि पाण्याखालच्या दगडावर फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे बसणारं उभं पातं, आपटला. मी शिडासकट पुढे फेकली गेले. मला लागलं नाही. फिन ४४ सेंटीमीटरचा आहे, जी-१० चा, पॉवर बॉक्सवाला (बॉक्स म्हणजे बोर्डातली फिन बसवायची खाच). पुढच्या कडेला नखाएवढा टवका उडालाय, मागची पातळ कड दोन ठिकाणी दातेरी झालीय आणि टोक पांढरं पडलंय. तरी मी पुन्हा अर्धा तास पाण्यात गेले. वेग आला की बोर्डाची मागची बाजू एकदम आडवी सरकायची, आणि खालून शिट्टीसारखा आवाज येत होता.

बोर्ड मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या साइटवरून सेकंडहँड घेतलेला आहे. पाण्याची भीती माझी याच बोर्डावर गेली, त्यामुळे जीव अडकलाय. फिन घरी नीट होईल का?

अल्मेरे, सोमवार सकाळी

फिन नंतर बघू. आधी बोर्ड उलटा कर आणि बॉक्स तपास. दगडाचा धक्का फिनवर बसला तरी तो जाऊन थांबतो बॉक्सच्या मागच्या कोपऱ्यात. फिन तरफेसारखा मागे रेटला जातो आणि तिथे केसासारखी चीर पडते. ती दिसत नाही, पण तिथून पाणी आतल्या फोममध्ये जातं, आणि फोम एकदा भिजला की बोर्ड जड होत जातो. फिन काढ, बॉक्सभोवती साबणाचं पाणी लाव, डेकवरचा, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूचा, व्हेंटचा (हवेच्या भोकाचा) स्क्रू काढून त्या भोकातून तोंडाने हळू फुंकर मार. पंप अजिबात लावू नकोस, वरचा थर सुटेल. कुठे बुडबुडे आले तर बोर्ड पाण्यात न्यायचा नाही.

आता फिन. आडवं सरकणं आणि शिट्टी, दोन्हीचं मूळ कडांमध्ये आहे. फिनच्या एका बाजूला दाब कमी होतो आणि त्या ओढीवरच बोर्ड वाऱ्याला तोलून धरतो. पुढच्या कडेला खाच पडली की तिथून पाण्याचा प्रवाह फिनला सोडतो, वरून हवा खाली खेचली जाते आणि पकड सुटते. आवाज बहुतेक मागच्या कडेचा.

दुरुस्तीआधी एक बघ. पाण्यातलं पातं आणि बॉक्समध्ये बसणारं डोकं जिथे जुळतं, त्या सांध्यावर बोट फिरव. मग डोकं टेबलाच्या कडेला धरून पातं हळू वाकव आणि कान लाव. तिथे तडा असेल किंवा कुरकुर ऐकू आली तर तो फिन फेकून दे, कितीही जीव अडकलेला असो. भर पाण्यात फिन तुटला की बोर्ड नुसता वाऱ्याबरोबर वाहत जातो, परत वळवता येत नाही.

सांधा धड असेल तर काम सोपं आहे. मागच्या दातेरी कडेत काही भरायचं नाही. बारीक कानस घेऊन दाते निघेपर्यंत पूर्ण कड सारखी कर, मिलिमीटरभर कमी झाली तरी चालते. टोकही तसंच घासून गोल करून घे. फिन ४३ चा होईल, तुला कळणारही नाही. पुढच्या टवक्यात मात्र पुट्टी भरावी लागेल. गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस वाळव, ८० नंबरच्या सँडपेपरने खरवड, ॲसिटोनने पूस. एका बाजूने टेप लावून भिंत कर आणि इपॉक्सीत काचेच्या धाग्याचे बारीक तुकडे कालवून दुसऱ्या बाजूने भर. थोडं वरच राहू दे. २० अंशाच्या खोलीत एक दिवस ठेव. मग १२०, २४०, ४०० नंबर, शेवटचे दोन पाण्यात बुडवून.

घासताना घाई नको. जिथे इजा नाही तिथल्या पुढच्या कडेचा गोलावा पुठ्ठ्यावर उतरवून साचा काप आणि तो दुरुस्त केलेल्या जागी दोन्ही बाजूंनी लावून बघ. फिन एका बाजूला फुगीर राहिला तर एका दिशेला जाताना धरेल आणि परतताना सोडेल.

डेल्फ्ट, सोमवार दुपारी

अल्मेऱ्याच्या काकांच्या पद्धतीत फक्त एक भर घालते, कारण माझं रोजचं काम याच मटेरियलशी आहे. जी-१० म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नकोस. कानस चालवतानाही फिन ओला ठेव, एफएफपी२ मास्क घाल आणि हे बाल्कनीत कर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको. इपॉक्सी कालवताना नायट्राइलचे हातमोजे घाल. एकदा ॲलर्जी जडली की ती जन्मभर राहते. माझ्या एका सहकाऱ्याला त्यापायी हे काम सोडावं लागलं.

हेग, सोमवार रात्री

काका, नवाच घ्यायचा झाला तर काय बघायचं? माझाही जुना झालाय.

अल्मेरे, मंगळवार

आधी बॉक्सचा प्रकार, मग लांबी, ब्रँड सगळ्यात शेवटी. पॉवर बॉक्सला डेकवरून एक बोल्ट, टटलला दोन, यूएस बॉक्सला खालून स्क्रू आणि पट्टी. एकाचा फिन दुसऱ्यात बसत नाही. पॉवर बॉक्समध्येही कंपनीगणिक डोकं थोडं सैल-घट्ट निघतं. हललं तर कागदी टेपचा एक वेढा द्यायचा. बोल्ट जोर लावून आवळायचा नाही, त्याने बॉक्सच फुटतो.

लांबी शिडावर आणि बोर्डाच्या रुंदीवर ठरते. डच विंडसर्फर डोरियन फान रायसेलबर्खेने २०१२ आणि २०१६ ला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं त्या आरएस:एक्स बोर्डाचा फिन ६६ सेंटीमीटरचा, कारण वर ९.५ चौरस मीटरचं शीड होतं. आपल्या ६.५-७ च्या शिडाला ४२ ते ४४ भरपूर झाले.

आणि उन्हाळ्यात आयमेअर तलावावर जाणार असाल तर मागे कललेला वीड फिन जवळ असू द्या. तिथली पाणवनस्पती सरळ फिनला गुंडाळते आणि वाटतं कुणी मागून धरलंय.

आम्स्टेलवेन, पुढचा रविवार

काका, ताई, मनापासून आभार.

फिनचा सांधा धड निघाला. टवका भरला, साचा लावून चार वेळा घासला, आता बोट फिरवलं तर जोड कळत नाही. पण साबणाच्या पाण्यात बॉक्सच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून बुडबुडे आले. तुम्ही सांगितलं नसतं तर मी काल पुन्हा पाण्यात गेले असते.

बोर्ड आता व्हेंट उघडा ठेवून, बॉक्स खाली करून घरात उभा आहे. रोज सकाळी मी तो उचलून वजनकाट्यावर चढते आणि माझं वजन वजा करते. बुधवारपासून आजपर्यंत ३०० ग्रॅम उतरलंय. तीन दिवस आकडा हलला नाही की चिरेवर काचेचं कापड लावायचं ना? तो थर मला तुमच्यासमोर घालायचाय. गणपती झाल्यावर अल्मेऱ्याला बोर्ड घेऊन आले तर चालेल का? इपॉक्सी आणि हातमोजे मी आणते.