दिवस भरण्याआधी पोटातच गेलेल्या बाळाची वाढ खुंटली होती का, हे आता कळेल का?

कोयनाकाठ:
गेल्या वर्षी ३२ व्या आठवड्यात बाळाची हालचाल थांबली आणि सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. वजन १,१०० ग्रॅम भरले. ‘आठव्या महिन्यातले बाळ एवढेच असायचे’ असे सांगून कागदावर कारण ‘अज्ञात’ लिहिले गेले. आता मला पुन्हा दहावा आठवडा चालू आहे. ते बाळ केवळ अपुऱ्या दिवसांमुळे लहान होते की त्याची वाढच खुंटली होती, हे ठरवता येईल का, आणि या खेपेला त्याचा काही उपयोग होईल का?

डॉ. निशिगंध (प्रसूतितज्ज्ञ):
ताई, ३२ व्या आठवड्यात पोटातल्या बाळाचे वजन सरासरी १,९०० ग्रॅमच्या आसपास असते. आपल्याकडची बाळे काहीशी लहान असतात हे धरले, तरी १,१०० ग्रॅमचा उलगडा अपुऱ्या दिवसांनी होत नाही. ठोके थांबल्यावर प्रसूती किती दिवसांनी झाली तेवढे मात्र पाहा, कारण वजन ताडायचे ते बाळ गेले त्या आठवड्याशी, प्रसूतीच्या नव्हे. खरी मेख आठवड्यागणिक वजनाच्या तक्त्यात असते. जन्मवजनांवरून बेतलेल्या तक्त्यांत मुदतीआधी जन्मलेली, म्हणजे पुष्कळदा आधीच खुंटलेली बाळे मोजलेली असतात, त्यामुळे खुंटलेले बाळही तिथे ठीक दिसते. तुलना त्याच आठवड्यात पोटात सुखरूप वाढणाऱ्या बाळांशी करायला हवी.

हे ओळखण्याने फरक पडतो. इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागातील ९२ हजारांहून अधिक गरोदरपणांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाढ खुंटल्याचे आधी लक्षात आले तेथे पोटात बाळ दगावण्याचे प्रमाण हजारी ९.७ होते, तर लक्षात आले नाही तेथे १९.८.

वारेच्या तपासणीचा अहवाल असल्यास तो आणि जुन्या सोनोग्राफी घेऊन डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणाऱ्या घटकांची) तपासणी आणि रात्री घ्यायची कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, हे दोन्ही विषय आपणहून काढा. अ‍ॅस्पिरिन द्यायचीच ठरली तर ती १६ व्या आठवड्याआधी सुरू झालेली बरी.

वॉर्डसिस्टर:
पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीचा कागद जपून ठेवा. पाळीची तारीख चुकली की पुढचे सगळे गणित फसते. आणि वारेतून पुरवठाच कमी पडत असेल, तर शतावरी कल्पाने किंवा सक्तीच्या विश्रांतीने बाळ भरत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

कोयनाकाठ:
दोघांचेही आभार. याही बाळाची वाढ मंदावली, तर प्रसूती लगेच करतात का? सासूबाई म्हणतात की सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही.

डॉ. निशिगंध:
त्या समजुतीला आधार नाही. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुप्फुसे सातव्यापेक्षा अधिक तयार असतात. निर्णय मुख्यतः डॉप्लरवर, म्हणजे नाळेतील रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीवर होतो. प्रवाह ठीक असेल तर लक्ष ठेवून साधारण ३७ व्या आठवड्यापर्यंत थांबता येते. दोन ठोक्यांमधला प्रवाह थांबला तर ३३-३४ व्या आणि उलटा फिरला तर ३०-३२ व्या आठवड्याच्या सुमारास प्रसूती करतात, आधी फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन. तेव्हा नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच नाव नोंदवा. हालचाल कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, रात्र असली तरी, तिथे जा.