ऑनलाइन खरेदीला आई एवढी का घाबरते?

गावाकडचा: आमच्या गावाहून चिपळूणची बाजारपेठ लांब. मिक्सरच्या भांड्याचं कपलर तुटलं, आईनं एसटीनं दोन खेपा घातल्या. उत्तर एकच: "हे मॉडेल आता येत नाही." मी मोबाईलवरून मागवलं, चौथ्या दिवशी दारात. तरी तिचं पालुपद चालूच, "त्यात पैसे जातात." अहो, गेले कुठे? उगाच बाऊ!

उलटा पदर: बाऊ कसला? माझे गेलेत. दिवाळीआधी फेसबुकवर जाहिरात बघून 'अस्सल हातमाग पैठणी' मागवली, 2,499 रुपये. तिथेच माझी अक्कल गहाण पडली होती. येवल्याला विणकर आठवडेच्या आठवडे मागावर बसतात, ती एवढ्यात कशी मिळेल! पदर उलटून पाहिला तर मागे धाग्यांचं जंजाळ. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. जाहिरातीतला फोन तेव्हापासून बंद.

गावाकडचा: पण फेसबुकवरची जाहिरात म्हणजे दुकान नव्हे ना.

उलटा पदर: हा फरक तुमच्या आईला पडद्यावर कुठे दिसणार? मला दिसला नाही, मी तर नोकरी करते.

निवृत्त कॅशियर: दोन भीती एकत्र करू नका. माल खराब निघणं वेगळं, खातं रिकामं होणं वेगळं. दुसरं बहुतेक वेळा खरेदीत होत नाही, नंतर होतं. रिफंडसाठी लोक गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि भामट्याला फोन लावतात. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आईंना एवढं एकच पाठ करून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मालाची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची असते, महिन्याभरात निवारण करायचं असतं. आणि ग्राहक आयोगात जायचं तर आता आपल्याच जिल्ह्यात दावा लावता येतो.

पेठेतला दुकानदार: नियम कागदावर ठीक. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, मिक्सर टेबलावर आपटतं, दोन शिव्या देतं आणि बदलून घेऊन जातं. पोच लागत नाही. कपलरचं मात्र कबूल, दहा कंपन्यांचे सुटे भाग ठेवून भांडवल कोण अडकवणार? ते खुशाल मागवा. राग येतो तो माझ्याकडे तासभर मिक्सर चालवून बघणाऱ्यांचा, जे पायरी उतरता उतरता मोबाईलवर ऑर्डर देतात.

गावाकडचा: दुकानदारदादांचं वाचून आईला नीट विचारलं. म्हणाली, "बिघडलं तर भांडू कुणाशी? त्या पाकीट आणणाऱ्या पोराशी? त्याचं काय चुकलं?" यावर मला बोलता येईना. पण आज तीच विचारत होती, कुकरची शिट्टी मिळते का तिथे. पैसे मात्र हातात पाकीट आल्यावरच देणार.

उलटा पदर: शिट्टी मागवण्याआधी कुकरच्या बुडाचा फोटो काढून ठेवा, मॉडेल तिथेच असतं. आणि जाहिरातीवरून नको!