मदत हवी आहे: किडनीच्या पथ्यात बसेल असा केक

नमस्कार मंडळी, कोल्हापूरहून लिहितेय. सासऱ्यांना किडनीचा त्रास आहे, डायलिसिस अजून नाही. पण यावेळच्या रिपोर्टात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही वाढलेत. गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध प्यायलेला माणूस; दूध अर्ध्या कपावर आलं तरी कुरकुरले नाहीत. फक्त दुपारच्या चहाला काहीतरी गोड, भाजलेलं हवंच.

मी आपली पौष्टिक म्हणून कणकेचा केक करत होते, त्यात गूळ, खजूर, केळं. आहारतज्ज्ञ बाईंनी कपाळावर हात मारला. तिन्हींत पोटॅशियम भरपूर! शिवाय कणकेपेक्षा मैद्यात फॉस्फरस कमी. म्हणजे जन्मभर ज्याला नावं ठेवली तो मैदाच इथे बरा, आणि गुळाच्या गावात राहून केक साखरेचा. त्यांना मधुमेह नाही, एवढंच नशीब.

घोडं अडलंय बेकिंग पावडरपाशी. तिच्यात बहुतेक वेळा फॉस्फेट असतं आणि ते धान्यातल्या फॉस्फरसपेक्षा अंगात जास्त शोषलं जातं. सोडा घालावा तर सोडियम.

अंड्याचा पांढरा भाग फेटून, मैदा, साखर आणि सफरचंद घालून, पावडरीशिवाय कुणी केक केलाय का? फुगतो, की मधेच बसतो? सफरचंदाचं पाणी सुटून गिच्च होईल अशी भीती वाटते. आणि बिनमिठाच्या लोण्याची, सोडा न घातलेली नानकटाई खुसखुशीत होते का?

प्रमाण वाटीच्या मापात सांगा. डॉक्टरांना दाखवूनच देणार आहे. रविवारी सासऱ्यांचा वाढदिवस आहे.