प्रतिसाद: घड्याळ थांबवायचं कधी?

प्रोग्रॅम उघडायला लागणारा वेळ मोजून पीसीचा वेग तपासायचा, आणि डबल-क्लिकपासून खिडकी दिसेपर्यंत चार सेकंद लागले म्हणजे पीसी ठणठणीत, असं वरच्या लेखात म्हटलंय. मला नाही पटत. आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत पीसी बघायला जातो. बिलिंगची खिडकी येते झटकन, पण यादी कोरी, माऊसचं चक्र गरगरतंय आणि कारकूनबाई तोवर पाणी पिऊन येतात. म्हणून टाईप केलेलं पहिलं अक्षर उमटलं की घड्याळ थांबवा.

दुसरं, प्रोग्रॅम बंद करून लगेच उघडला तर फायली रॅममधूनच, म्हणजे पीसीच्या झटपट चालणाऱ्या तात्पुरत्या मेमरीतूनच येतात. तो आकडा सुखावतो, पण सकाळचा त्रास त्यात दिसत नाही, जुन्या हार्डडिस्कवर तर अजिबातच नाही. पहिल्यांदा उघडण्याचा वेळ वेगळा लिहा, आणि त्यासाठी रीस्टार्टच करा. विंडोज ८ पासून आलेली फास्ट स्टार्टअप ही पीसी लवकर सुरू करण्याची सोय चालू असेल तर शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद नव्हेच; कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवलेली असते. लॉगिननंतर लगेच मोजू नये म्हणतात, अँटिव्हायरस वगैरे चालू असतात म्हणून. अहो, पण लोक कामाला बसतात तेव्हाच ना! मी लगेच आणि थोड्या वेळाने, असं दोन्ही वेळा मोजतो. सरासरीऐवजी, आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा धरा, एखादा अपडेट मध्येच घुसला की सरासरी बोंबलते.